एसीच्या खोलीची खालची कडी

एसीच्या खोलीला दिवसा आतून कडी लावायची नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पक्कं माहीत होतं. फक्त माझ्या दोन वर्षांच्या पोराला ते कोणी सांगितलं नव्हतं.

मी बाहेर, ओमू आत, मधी फणसाच्या लाकडाचं दार, आणि दारापलीकडून एवढासा आवाज. 'खट्ट!' बस्स. माझ्या हातातली केरसुणी खाली पडली. भर मे महिन्यातली दुपार, घामानं अंगाची आमटी झालेली, तरी मला हुडहुडी भरली!

"ओमू! बाबू माजो तो! कडी काड बघूया!"

आतून खिदळणं.

"ओमू, खाऊ देतंय हां तुका? कडी काड!"

आतून 'पिक्'. मग 'पिक्, पिक्, पिक्'.

पिक् म्हणजे रिमोट. रिमोट पोराच्या हातात! आता प्रत्येक पिक्‌ला आत थंडी वाढतेय की कमी होतेय, मला काय कळणार? त्या रिमोटला हात लावायची मला परवानगीच नव्हती. (नववी नापास बाई मशीन बिघडवेल, असं आमच्या ह्यांचं मत. बोलायची पण तशी परवानगी नाही, पण ते मी पाळत नाही.)

खिडकीतून बघावं म्हटलं, तर खिडकी आहे कुठे? कणकवलीहून फिटर आला होता तो सांगून गेला, एसीच्या खोलीला एक फट नको. झालं! आमचे हे शब्दाला पक्के. खिडकीवर प्लायवूड ठोकलं. छपराच्या कौलारू नळ्यांच्या खाली निळी ताडपत्री ताणली, ताडपत्रीखाली थर्माकोलचं छप्पर केलं. भिंतीत मुंग्यांची भोकं होती तीसुद्धा सिमेंटनं लिंपली. मुंगीला आत जायचं तर तिनं आधी फोन करावा अशी खोली! आणि ते दार पावसाच्या ओलीनं वाकडं झालेलं, खालच्या बाजूनं हातभर बाहेर यायचं. त्याच्यातून गार हवा जायची, म्हणून ह्यांनी दाराला रबर मारला आणि दार दाबून बसावं म्हणून आतून कडी ठोकली ती तळाशी. मी तेव्हाच म्हटलं होतं, "ओ, इतक्या खाली कडी? पोराच्या हाताक येतली मा."

हे म्हणाले, "गार हवा खालसून जाता. तुका काय कळता त्येतला?"

बरोबर आहे. मला काय कळतं!

मी दाराला कान लावला. पिक् थांबलं होतं. हसणं पण थांबलं होतं. नुसती मशीनची घर्रर्र. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय आलं सांगू? बांगडा. बर्फाच्या पेटीतला, डोळे उघडे ठेवून आडवा झालेला बांगडा! आमचं घर मासळीवर जगणारं. आमच्याकडे थंडीत ठेवतात ती मासळी, आणि ती जिती नसते हो!

मी ह्यांना फोन लावला.

"खंय आसात?"

"समुद्रात! पावण्यांका डॉल्फिन दाखवूक इलंय. काय झाला?"

"ओमू एसीत अडाकलो!"

"एसीत? मशिनीत?"

"मशिनीत कसो जातलो? खोलयेत! भितरसून कडी लायल्यान!"

"मगे बरा आसा ना. गार आसा थय. रडता कित्याक?" असं म्हणून, शपथ घेऊन सांगते, हे होडीतल्या पर्यटक पाहुण्यांना म्हणाले, "थो बघा, थो बघा, शेपटी!"

आता हे शेपटी दाखवून किनाऱ्याला लागेपर्यंत हा एसी आमच्या डोक्यावर बसला कसा ते सांगते. दार मी ठोकतेच आहे, एका हातानं.

आम्हाला पाहिजे होता पंखा. आम्हाला म्हणजे मला. घरात एकच टेबलफॅन, त्याची पुढची जाळी कधीची तुटलेली. ओमू रांगायला लागल्यापासून त्याचं एकच ध्येय, त्या पात्यात बोट घालायचं! मी रात्रभर एक हात पोरावर आणि एक हात फॅनवर ठेवून पडायची. बंद करावा तर पोराचं अंग घामोळ्यानं लालेलाल, बुंदीचा लाडू दिसायचा नुसता. डॉक्टर म्हणाले, वारा लागू दे. म्हणून मी ह्यांना म्हटलं, वर एक पंखा टांगा. पोराचा हात पोचणार नाही असा. एवढंच. इन्सुलीला माझ्या माहेरी गोठ्यात पण पंखा आहे, म्हशीला!

पण त्याच आठवड्यात शेजारच्या भाईकाकांनी एसी घेतला. मग काय! आमच्या ह्यांना पंखा हा शब्दच कमीपणाचा वाटायला लागला.

"पंखो काय लायतंस? पंखो गरम हवाच फिरयता. एसी लावया."

"ओ, पण एसी लावलो तर खिडक्यो बंद करूच्यो लागतत. पोराक कोंडल्यासारख्या होयत."

"भाईकाका काय कोंडलेले दिसतत तुका?"

सासूबाई मासे विकून आल्या होत्या, पायरीवर बसून पाय धूत होत्या. त्यांनी निकाल दिला. "भांडतास कित्याक? देवाक इचारूया. कौल लावया."

आमच्या आई देवाला विचारल्याशिवाय पापडसुद्धा वाळत घालत नाहीत. विहीर खणायची, कौल. होडीला इंजीन घ्यायचं, कौल. मला सून करायची की नाही त्याला पण कौल लावला होता. (देवानं कौल दिला. देवाला वाईट म्हणू नये, पण कधी कधी मनात येतं.)

देवळात गेलो. गुरवांनी दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर एसी, डावी पडली तर पंखा. सगळे श्वास धरून उभे. मी आपली डावीकडे डोळे लावून. पाकळी पडेना. देवाला पण वाटलं असेल, नांगर, पेरणी, लग्न विचारायचं सोडून ही माणसं मला कंपनीचा एजंट समजतात की काय! देवळात उकडून जीव चाललेला. भाईकाका आलेच होते बरोबर (एसी कोणीही घेवो, त्याचं कौतुक त्यांचं), ते म्हणाले, "गुरवानू, जरा फॅन लावा मरे, जीव जाता."

मुंबईच्या चाकरमान्यांनी देवळाला दिलेला नवाकोरा पंखा! गुरवांनी पाचावर केला. खर्रर्रर्र! उजवी पाकळी उडाली, तिच्या मागून डावी उडाली, तिच्या मागून देवाच्या डोक्यावरचं जास्वंद उडालं, ते थेट भाईकाकांच्या टकलावर.

"उजवी! उजवी आधी पडली! देवान एसी दिल्यान!" हे उड्या मारायला लागले.

मी हळू म्हटलं, "आई, पण पंखो चालू होतो मगे. पाकळी वाऱ्यान पडली."

"गप गो! देवाच्या मनात नसता तर लाईट तरी ऱ्हवली असती काय?"

ह्याला काय उत्तर आहे? तुम्ही सांगा. आमच्या गावात खरोखर तेव्हा लाईट असणं हाच चमत्कार होता!

म्हणजे आमच्या घरात एसी आणला तो पंख्यानं. आणि माझा पंखा? तो राहिला देवळात.

एसी आला, नारळ फुटला, हार घातला. मला वाटलं, चला, पोराचं घामोळं तरी जाईल. घामोळं गेलं, हे खरं. पण त्या दिवसापासून अख्खी वाडी एसी बघायला! "जरा गार वाटता काय बघतंव" म्हणून यायचे ते जेवणवेळेपर्यंत बसायचे. आत माणसं गार पडलेली आणि मी चुलीपुढे चहा उकळतेय. चहाचा ट्रे घेऊन दार उघडलं की आतून सगळे एका सुरात, "दार लाव गो! थंडी जाता!" ट्रे ठेवायचा, दार लावायचं. कप न्यायला यायचं, "दार लाव गो!" केर काढायला जायचं, "दार लाव गो!" मी त्या खोलीत एका वेळी किती राहायची? तर ट्रे टेकवायला लागतं तेवढं. रात्री हे आणि ओमू आत. आईंचे गुडघे थंडीनं धरतात म्हणून त्या बाहेर, आणि आईंना रात्री काही लागलं तर म्हणून मी पण बाहेर. टेबलफॅन आईंकडे तोंड करून.

तर असो. दार ठोकून हाताची सालं निघाली.

पहिल्या आल्या आई. खबर कोणी पोचवली कोण जाणे, पण थेट बाजारातून, मासळीची पाटी डोक्यावर, कोयता हातात, मागून चार कोळणी आणि त्यांच्या मागून त्यांची गिऱ्हाईकं. कोणाच्या हातात अर्धी कापलेली सुरमई!

"माजो नातू खंय आसा?" आईंनी दारावर कोयता आपटला. "ओमल्या! आज्येक हाक मार रे!"

आत घर्रर्र.

"बोलणा नाय गो ह्यो! काय केलंस तू पोराचा?"

"मिया भायर केर काडूक गेल्लंय, तो मागसून भितर गेलो आणि कडी..."

"पोराक सोडून केर काडता! केर खंय पळान जातलो होतो?"

(आणि केर काढला नसता तर? "पोर सांबाळता म्हणान केर काडणा नाय!" हे वाक्य मी लग्नापासून ऐकतेय.)

मग भाईकाका आले. शालूकाकी, म्हणजे त्यांची बायको, मागून. भाईकाका एसीचे जुने जाणकार, त्यांना येऊन महिना झाला होता. एसी येऊन. त्यांनी गंभीर तोंड करून विचारलं, "कितीर आसा?"

"काय कितीर?"

"टेंपरेचर गो!"

"पिक् पिक् केल्यान मघाशी."

"म्हणजे सोळार गेलो." भाईकाकांनी डोळे मिटले. "सोळार माका दोन गोधड्यो लागतत. ह्या तर लेकरू."

मी रडायला लागले. भाईकाका धावत पडवीत गेले आणि त्यांनी मेन स्विचच खाली पाडला! घर्रर्र बंद. आता आतून काय? तर किंकाळी! "आयेऽऽ!"

तुम्हाला सांगते, आपलं पोर रडलं म्हणून आनंदानं नाचणारी आई मी पहिलीच असेन. "जितो आसा! जितो आसा माजो बाळ!" म्हणून मी शालूकाकीला मिठी मारली. आणि मिठी अर्धी झाली असेल नसेल, तेवढ्यात डोक्यात आलं. काळोख! एक फट नाही! वारा कुठून येणार?

"लाईट लावा! ओ भाईकाका, गुदमारतलो तो!"

भाईकाकांनी स्विच वर केला. घर्रर्र. रडणं बुडालं त्या घर्रर्रमध्ये. "थंडयेन आकडतलो! बंद करा!" आई ओरडल्या. बंद. रडणं. "गुदमारतलो! चालू करा!" मी. चालू. घर्रर्र. भाईकाका आपले खाली-वर, खाली-वर, तोंडावर घाम, शेवटी म्हणाले, "सासवा-सुनांनी एकदा काय ता ठरवा गो! माजो हात दुकता!"

तेवढ्यात हे आले. ओल्या पँटीनं, धावत. मागून पाहुणे! डॉल्फिन काही दिसला नव्हता, निदान हे तरी बघू म्हणून आले असतील. एकजण मोबाईलवर व्हिडिओ काढत होता.

मला वाटलं, आता दार तुटणार. बाप आहे शेवटी. हे दारापुढे उभे राहिले, दारावरून हात फिरवला, आणि खिशातून फोन काढला. कणकवलीच्या फिटरला!

"हां, नमस्कार. मी बोलतोय. आपण तो एसी बसवून दिला होता ना?" (फिटरशी हे शुद्ध बोलतात, पोराशी मालवणी.) "त्या खोलीत आमचा मुलगा अडकला आहे. भिंतीतून मशीन काढली तर चालेल का?"

फोन मोठ्यानं लावलेला. फिटर म्हणाला, "काढा, पण वॉरंटी जाईल."

हे विचारात पडले! माझ्या डोळ्यांदेखत! पोर एकीकडे, वॉरंटी एकीकडे, आणि माणूस मधी उभा!

"घाला ती वॉरंटी चुलीत!" मी ओरडले. इतक्या जोरात मी लग्नानंतर पहिल्यांदाच ओरडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. व्हिडिओवाल्यानं पण मोबाईल माझ्याकडे वळवला.

हे शरमले. गोठ्यातून पहार आणली. दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली, आता हाणणार, इतक्यात मागून आईंचा आवाज आला.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

संपलं! आईंनी गाऱ्हाणं घातलं!

आता आमच्याकडे गाऱ्हाणं चालू असताना कोणी हलत नाही. घराला आग लागली असेल तर आगीनं पण थांबावं. देवाला साकडं घालणारा बोलत असताना बाकीच्यांनी मान खाली घालून हुंकार द्यायचा. ह्यांची पहार डोक्यावर तशीच. भाईकाकांचा हात स्विचवर तसाच. कोळणींनी डोक्यावर पदर घेतले.

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"बा म्हाराजा, ह्या गावच्या वेशीवर जे कोण उभे आसात, तेंका आधी मान दितंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ममयक गेलेली माजी पोरा-टोरा, तेंची नोकरी-धंदो सांबाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी मनात, आई, मुंबई कशाला! खोलीकडे या! ह्यांचे दंड थरथरायला लागले, पहार मागे झुकायला लागली. मागचा पाहुणा दोन पावलं सरकला.

"आमच्या होडयेच्या इंजिनाक बरकत दी म्हाराजा! बाबल्याच्या म्हशीक रेडकू होवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाहुणे पण म्हणायला लागले. त्यांना वाटलं तिकिटात आहे.

"आणि ह्या लेकराची जी काय इडापिडा आसात, ती भायरच्या भायर दूर कर म्हाराजा!"

'भायरच्या भायर!' म्हणजे पिडा बाहेरच राहू दे! पण आई, पोर बाहेर यायला पाहिजे हो!

"व्हय म्हाराजा!" म्हणत ह्यांनी पहार सोडली. धाण्णकन! दाराला काही झालं नाही. फणसाचं लाकूड ते. पहार उडाली आणि उंबऱ्याजवळ ठेवलेल्या सुरमईवर पडली. ज्याची सुरमई होती तो बिचारा नुसता बघत राहिला.

"मोडू नको रे ता दार!" आई आता दारापुढे आडव्या. "तुज्या बापाशीन सोताच्या हातान केल्ला ता!"

"मगे नातू होयो की दार होया?" हे वैतागले.

"दोनय होये!"

मग कोणीतरी म्हणालं, नळे काढा, वरून उतरा. सगळ्यांना पटलं. शिडी आली. हे चढले. एक पाय छपराच्या वाशावर टाकला मात्र, वासा असा कर्रर्र करून बोलला की आई खालून, "उतर मेल्या! घर खाली घेवन येतलंस! गार हवेत बसान रेडो झालंस!"

"मगे कोण जातलो?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हीच जांवदे," आई म्हणाल्या. "काटकुळी आसा. वजनच नाय अंगात."

नसणारच वजन! ह्या घरात मी शेवटी जेवते, पातेलं खरवडून. त्याचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मी कशाकशाला भिते ते आधी सांगते. पाल, वीज, इंजेक्शन, सासू आणि उंची. पण आतून काही आवाज येत नव्हता. मी मॅक्सी खोचली, (आत ह्यांची बर्मुडा चढवली, वाडीची मर्यादा म्हणून), आणि शिडीवर पाय ठेवला. शिडी थंडी वाजल्यासारखी हलत होती.

"खाली बघू नको गो!" शालूकाकी.

हे ऐकलं की माणूस कुठे बघतो? मी खाली बघितलं. सगळं गाव वर बघत होतं. मला गरगरलं. नळे तापून तवा झालेले, हाताला चटके, गुडघ्याला चटके, मी "आये गे, आये गे" करत सरपटत त्या खोलीच्या वर पोचले. एक नळा काढला, दुसरा काढला. खालून सूचना चालूच! "डावीकडचो काड!" "अगो उजवीकडचो!" "फोडू नको, नळे आता गावणत नाय!" (पोर गावेल का ते विचारा कोणीतरी!) ताडपत्री दातांनी फाडली. तिच्याखाली थर्माकोल. त्याला मुठीनं भोक पाडलं तर आतून गार हवेचा झोत तोंडावर आला, आणि आत घर्रर्र, आणि त्या घर्रर्रमध्ये काही म्हणता काही दुसरा आवाज नाही.

"ओमूऽऽ!"

नाही ओ.

तेव्हा उंची विसरले, पाल विसरले, सगळं विसरले. दोन वाशांच्या मधल्या फटीत पाय सोडले, कंबर अडकली, बर्मुडा फाटली, हातांनी वासा धरून लोंबकळले. पायाखाली नुसतं थर्माकोल. आणि मनात म्हणत होते, देवा, कौल कसाही दे, पोर दे.

आणि मी तिथे वर लोंबकळत असताना खाली काय चाललं होतं? तर शालूकाकीनं पिशवीतून खाजं काढलं. आमचं मालवणी खाजं, गुळाचं, आल्याचं. पुडी दाराजवळ नेली आणि नुसती वाजवली. खुळ्ळ खुळ्ळ.

"बाळा, खाजा खातलंस?"

'खट्ट!'

दार उघडलं. ओमू ह्यांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून बसला होता म्हणे, मजेत. बाहेर आला, हात पुढे केला, खाजं घेतलं.

हे सगळं मला नंतर कळलं. मला तेव्हा कळलं एवढंच, की एकदम बाहेर आरडाओरड झाली, माझे हात सुटले, आणि मी, थर्माकोल, ताडपत्रीचा तुकडा आणि एक नळा असे सगळे मिळून गादीवर कोसळलो! अंगभर थर्माकोलचे पांढरे दाणे, समोर मशीनवर सोळाचा आकडा. काश्मीर काश्मीर म्हणतात ते बहुतेक असंच असेल.

उघड्या दारातून बघितलं. ओमू आईंच्या कडेवर, गाल लाल, तोंडात खाजं. आई त्याची मिठी सोडत नव्हत्या, हे त्याचे पाय चोळत होते आणि रडत होते, हो, हे रडत होते! मी पण हुंदका दिला. हात पुढे केला. "माजो बाळ..." असं काहीतरी म्हणाले असेन.

कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे पोराला घेऊन पडवीकडे निघाले, आणि जाता जाता कोणीतरी सवयीनं दार ओढून घेतलं.

मी उठले. दाराकडे गेले. उघडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? हात दारावर ठेवला, तर बाहेरून आईंचा आवाज.

"इतकी माणसा जमली, चाय ठेवूक सांग बायलेक. खंय गेली ती?"

"नळ्यार आसतली अजून," हे म्हणाले.

"मगे नळे सारके लावन उतर म्हणान सांग. आणि म्हणा, चायेत आला घाल."

पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, "इथे जेवणाची पण सोय आहे का?"

"आसा तर!" आई म्हणाल्या. "सुरमई आसा. सून करतली."

खोलीत गार होतं. कोणी मला काही सांगत नव्हतं. माझ्या पाठीवरचा घाम पहिल्यांदाच सुकत होता, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा म्हटलं तरी चालेल. माझं पोर सुखरूप होतं, खाजं खात होतं, दहा माणसांच्या कडेवर फिरत होतं. मी वाकले.

'खट्ट.'

गादीवर आडवी झाले. छपराच्या भोकातून सगळी गार हवा आभाळात चाललेली, म्हणजे मी एकटी पडून अख्खं मालवण गार करत होते! ते लोक मला वर नळ्यांवर हाका मारत होते, शिडी लावून शोधत होते, माडाच्या मागे बघत होते. मी आत नाही, हे सगळ्यांना नक्की माहीत होतं. शेवटी म्हणे शालूकाकीनं दाराला कान लावला आणि सांगितलं, "अगो, ही एसीची घर्रर्र नाय! ह्या घोरणा!"

आता तुम्ही मला वाईट आई म्हणा, आळशी सून म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण देवाशप्पथ खरं सांगा, कडी तुमच्या हाताखाली असती, तर तुम्ही काय केलं असतं?